इंग्रजी ‘यू’ आणि मराठीतील ‘तू–तुम्ही–आपण’ : मराठवाड्याच्या संदर्भात एक अर्थेतिहास

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला अगदी आरंभी जे शब्द भेटतात त्यांत ‘यू’ हा एक होय. शिक्षक त्याचा अर्थ ‘तू, तुम्ही’ असा सांगतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. शब्द लहान, उच्चार सोपा, विभक्तीचा विशेष त्रास नाही. त्यामुळे त्याचा निराळा विचार करावा असे कोणास वाटत नाही. तथापि ज्या भाषेत मध्यमपुरुषाची तीन रूपे दर्जाप्रमाणे वाटली गेली आहेत, त्या भाषेचा बोलणारा जेव्हा एकाच रूपाच्या भाषेत प्रवेश करतो, तेव्हा तो केवळ एक शब्द शिकत नाही. माणसामाणसांतील अंतर मोजण्याचे एक माप तो बाजूला ठेवतो. हे माप कोठून आले, इंग्रजीत ते का लोपले, आणि निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात या शब्दाला कोणत्या वळणाने यावे लागले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

यासाठी वाटूरसारखे गाव दृष्टीपुढे ठेवणे सोयीचे आहे. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव परतूर तालुक्यात मोडते. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. १९५६ पूर्वी तो हैदराबाद राज्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या राज्यावर निजामाची सत्ता होती. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दखनी आणि वरच्या वर्गात इंग्रजी असा चार भाषांचा थर अशा गावांनी एकाच पिढीत अनुभवला. मुंबई इलाख्यातील मराठी विद्यार्थ्याला ‘यू’ सरळ इंग्रजीतून मराठीत मिळाला. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला तो पुष्कळदा उर्दूच्या दारातून मिळाला. या फरकाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

(१) ‘यू’चा पूर्वेतिहास

‘इंग्रजीत सर्वांनाच तू म्हणतात’ हा समज आपल्याकडे रूढ आहे. इंग्रज मनुष्य राजालाही एकेरीत बोलतो, त्याच्या भाषेत आदर नाही, असा त्या समजाचा एक निष्कर्ष; आणि इंग्रजी भाषा मूळचीच समतावादी आहे, असा दुसरा. हे दोन्ही निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

प्राचीन इंग्रजीत एकवचनासाठी ‘दाउ’चे पूर्वरूप होते आणि अनेकवचनासाठी ‘यी’चे. ‘यू’ हे त्या अनेकवचनाचे कर्मरूप. मराठीच्या भाषेत सांगावयाचे तर ते ‘तुम्ही’ नव्हे, ‘तुम्हाला’ होते. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच दरबारी वळणाचा प्रभाव इंग्रजीवर पडला आणि तेराव्या शतकापासून एका व्यक्तीलाही आदरार्थ अनेकवचन लावण्याची रीत तीत दिसू लागली. वरिष्ठाने कनिष्ठाला ‘दाउ’ म्हणावे, कनिष्ठाने वरिष्ठाला ‘यी’ अथवा ‘यू’ म्हणावे, असा शिष्टाचार स्थिर झाला. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील सर एडवर्ड कोक यांनी आरोपीला मुद्दाम ‘दाउ’ने संबोधून त्याचा पाणउतारा केला. ‘अरे-तुरे’ करून अपमान करण्याची कला इंग्रजांनाही ठाऊक होती, याचा हा चांगला पुरावा आहे.

पुढे मात्र आदराचे रूप खाली पसरत गेले. व्यापारी, कारागीर, शेजारी अशा सर्वांनीच परस्परांना ‘यू’ म्हणावयास आरंभ केला. समोरच्याचा दर्जा निश्चित ठाऊक नसेल तेव्हा अधिक मान देणे हेच सुरक्षित, ही नगरजीवनातील सावधगिरी त्यामागे असावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘दाउ’ सामान्य व्यवहारातून जवळजवळ गेला. काही बोलींत, काव्यात आणि प्रार्थनेत तेवढा उरला. क्वेकर पंथीयांनी या शतकात सर्वांना एकेरीतच बोलण्याचा आग्रह धरला. ईश्वरापुढे सर्व समान, मग माणसाला अनेकवचनाचा खोटा मान कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याबद्दल त्यांना लोकांचा रोष सहन करावा लागला. परंतु समाजाने दुसरा मार्ग पत्करला. क्वेकरांना सर्वांना ‘तू’च्या पातळीवर आणावयाचे होते, भाषेने सर्वांना ‘तुम्ही’च्या पातळीवर नेले.

‘यू’ एका माणसाला उद्देशून असतानाही त्याच्यापुढे अनेकवचनी ‘आर’ हे क्रियापद का येते, हा प्रश्न चौकस विद्यार्थी नेहमी विचारतो. त्याचे उत्तर याच इतिहासात आहे. ‘तुम्ही आहात’ हे एका गुरुजींना म्हणताना मराठीत जे घडते, तेच तेथे घडले आहे. फरक इतकाच की तेथे ‘तू आहेस’ म्हणण्याची सोय उरली नाही.

(२) मराठीची व्यवस्था

मराठी ‘तू’ संस्कृत ‘त्वम्’पासून आणि ‘तुम्ही’ प्राकृत ‘तुम्हे’पासून आलेले आहे. ‘आपण’चे मूळ मात्र सर्वनाम नाही. संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्प’ या परंपरेतून ते आले असून ‘स्वतः’ हा त्याचा मूळचा अर्थ आहे. ‘तो आपण होऊन आला’ या वाक्यात तो अर्थ शाबूत आहे. त्यातून बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचा समावेश करणारा ‘आपण’ निघाला: ‘आपण उद्या शेतात जाऊ’. आणि त्याहून पुढे ‘आपण केव्हा आलात?’ हा आदराचा मध्यमपुरुषी प्रयोग निघाला. एकच शब्द ‘स्वतः’, ‘आम्ही-तुम्ही मिळून’ आणि ‘तुम्ही’ असे तीन अर्थ वाहतो. कोणता अर्थ घ्यावयाचा ते क्रियापद सांगते.

या तीन रूपांतील निवड केवळ आदराची नाही. ‘तू गेलास’, ‘तू गेलीस’ यांत समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे क्रियापद उघड करते. ‘तुम्ही गेलात’ म्हणताच तो भेद क्रियापदातून नाहीसा होतो. म्हणून ‘यू वेन्ट’ एवढ्या दोन शब्दांच्या वाक्याला मराठीत निदान चार उत्तरे संभवतात: तू गेलास, तू गेलीस, तुम्ही गेलात, आपण गेलात. इंग्रजी वाक्य या चारांपैकी एकही निवडत नाही. ते सारे ओझे भाषांतरकारावर टाकते. कादंबरीच्या भाषांतरात दोन पात्रे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोणत्या पानावर येतात, हे मूळ लेखकाने सांगितलेले नसते, मराठी भाषांतरकाराला ते ठरवावेच लागते.

एकेरीचा अर्थ अनादर असाच होतो असेही नाही. आईला ‘तू’ म्हणणारे मूल बापाला पुष्कळ घरांत ‘तुम्ही’ म्हणत आले आहे. त्यात आईविषयी प्रेम कमी नसते, उलट अंतर कमी असते. हाच न्याय भक्तीला लागू पडतो. गंगाखेडच्या जनाबाईने विठ्ठलाला एकेरीत हाक मारली आणि त्याच्याशी भांडणही एकेरीतच केले. याउलट तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त शिष्यमंडळी श्रीचक्रधरांशी बोलताना ‘जी’ हा आदरशब्द जपून वापरतात. म्हणजे देव जवळचा म्हणून ‘तू’, आणि गुरू वंद्य म्हणून ‘जी’. इंग्रजीत १६११ च्या बायबलमुळे ईश्वराला ‘दाउ’ म्हणण्याची प्रथा टिकली. परंतु बाकी व्यवहारातून तो शब्द गेल्यामुळे आजच्या इंग्रजी वाचकाला तो जवळिकीचा न वाटता भारदस्त वाटतो. एकाच व्याकरणरूपाचा परिणाम दोन भाषांत असा परस्परविरुद्ध झाला आहे.

मराठीच्या लेखनव्यवहारात दर्जाचे मोजमाप याहून बारीक होते. हेमाद्रीच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’पासून पेशवाईतील दप्तरापर्यंत, कोणास कोणता मायना लिहावा याचे नियम कसोशीने पाळले जात. ‘राजमान्य राजश्री’, ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ अशा उपाध्यांनी माणसाचे स्थान आधी निश्चित होई, मग मजकूर येई. सर्वनाम हे या मोठ्या व्यवस्थेचे केवळ शेवटचे टोक होते.

(३) व्याकरणकार, कोशकार आणि पाठमाला

इंग्रजी आणि मराठी यांची शास्त्रीय गाठ प्रथम मराठी शिकणाऱ्या इंग्रजांसाठी घातली गेली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, आणि मोल्सवर्थ व टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. अंमलदाराला कोणास ‘तू’ म्हणावे आणि कोणास ‘तुम्ही’, हे ठाऊक असणे राज्यकारभारासाठी आवश्यक होते. चुकीच्या सर्वनामाने सरदार दुखावला जाण्याचा संभव होता.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची गरज उलट दिशेची होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी छापून निघू लागले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले आणि पुरुष, वचन, विभक्ती हे सारे इंग्रजी व्याकरणाशेजारी मांडून पाहण्याची सवय लागली. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांनी कित्येक पिढ्यांचे इंग्रजी घडविले. या पद्धतीचे गुण मोठे आहेत. परंतु तक्त्यात एकवचनापुढे ‘यू’ म्हणजे ‘तू’ आणि अनेकवचनापुढे ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असे मांडले की आदराचे ‘तुम्ही’ बाजूला राहते. व्याकरणाच्या दृष्टीने तक्ता अचूक असतो. इतिहासाच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तो विद्यार्थ्याच्या मनात ‘यू’ची मूळ ओळख ‘तू’ अशीच रुजवितो.

(४) निजामी राज्यातील तिसरी भाषा

हैदराबाद राज्यात १८८४ च्या सुमारास फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१७ च्या फर्मानानुसार स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली आणि इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवला. त्याच वर्षी भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग काढण्यात आला. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग महत्त्वाचा होता यात संशय नाही. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ती देशी भाषा आपली नव्हती. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन-इ-तरक्की-इ-उर्दू ही संस्था बरीच वर्षे औरंगाबादेतून काम करीत होती आणि त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली औरंगाबादेतूनच प्रसिद्ध झाला. मराठवाड्याच्या मुख्य शहरात इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द शोधण्याचे एवढे मोठे कार्य चालले होते, पण ते प्रतिशब्द मराठी नव्हते.

याच १९३७ साली, वाटूरचे तालुक्याचे ठाणे असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. नागरी हक्कांबरोबर मातृभाषेचा प्रश्न या चळवळीच्या केंद्राशी होता. एकाच वर्षी औरंगाबादेत इंग्रजी-उर्दू कोश निघतो आणि परतुरात मराठी भाषकांची परिषद भरते, हा योगायोग खरा. परंतु दोन्ही घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता: नवे ज्ञान लोकांपर्यंत कोणत्या भाषेतून पोहोचावे?

‘यू’च्या बाबतीत या तिसऱ्या भाषेचा परिणाम पाहण्यासारखा आहे. उर्दूतही ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ अशी तीन रूपे आहेत. वरवर पाहता ती मराठीच्या तीन रूपांशी जुळतात. प्रत्यक्षात पायऱ्यांची उंची निराळी आहे. उर्दू ‘तुम’ बरोबरीच्या अथवा धाकट्या माणसासाठी असतो. थोरांना ‘तुम’ म्हणणे उद्धटपणाचे ठरते. मराठी ‘तुम्ही’ गुरुजींना आणि सासऱ्यांनाही चालतो. म्हणून मराठी मुलगा ‘तुम्ही’च्या विश्वासाने वडीलधाऱ्या उर्दू भाषकाला ‘तुम’ म्हणाला, तर त्याने आदर दिलेला असतो आणि समोरच्याला तो मिळालेला नसतो. उलट ‘आप’ हा उर्दूत नेहमीचा सभ्य शब्द आहे. मराठीत ‘आपण’ हा सभा, पत्र आणि अपरिचित थोर व्यक्ती यांच्यापुरता औपचारिक आहे. त्यातच दखनी बोलीत ‘अपन’ हा शब्द बोलणारा व ऐकणारा या दोघांसाठी येतो. ‘यू विल गो’ हे वाक्य उर्दू ‘आप जाएँगे’मधून मराठीत आणताना ‘आपण जाल’ याऐवजी ‘आपण जाऊ’ होण्याचा धोका आहे. आणि तसे झाले की जाणाऱ्यांत बोलणाराही सामील होतो. इंग्रजीतील एका शब्दाने दोन भाषांच्या सहा रूपांतून वाट काढावी, अशी ही स्थिती होती.

(५) प्रयोगातील काही भेद

‘यू’ शिकताना विद्यार्थ्याने तीन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली, इंग्रजीत सर्वनामातून आदर गेला म्हणून भाषेतून आदर गेला असे नाही. तो अन्यत्र जाऊन बसला. ‘सर’, ‘मॅडम’, आडनावापूर्वीची उपाधी, आणि विनंतीसाठी ‘वुड’, ‘कुड’ ही साहाय्यक क्रियापदे हे त्याचे निवासस्थान. मराठीत ‘या’, ‘बसा’ एवढे म्हटले की क्रियापदातच मान येतो. तेच शब्दशः इंग्रजीत नेऊन ‘यू कम’, ‘यू सिट’ असे म्हटले की हुकूम दिल्यासारखे होते. विद्यार्थ्याने मान दिलेला असतो. वाटेत तो गळून पडतो.

दुसरी गोष्ट, ‘यू’ पुष्कळदा समोरच्या व्यक्तीला उद्देशून नसतोच. ‘यू कॅनॉट टेल’ यासारख्या वाक्यात तो ‘कोणीही माणूस’ या अर्थी येतो. मराठी अशा ठिकाणी ‘सांगता येत नाही’ असा कर्त्याविना प्रयोग करते, किंवा ‘माणसाने’, ‘आपण’ हे शब्द योजते. येथे ‘तू सांगू शकत नाहीस’ असे भाषांतर केल्यास सर्वसामान्य विधानाचा वैयक्तिक आरोप होतो.

तिसरी गोष्ट वचनाची. ‘दाउ’ गेल्यामुळे इंग्रजीला एक आणि अनेक यांतला भेद दाखविता येईना, म्हणून बोलीभाषांनी ‘यू ऑल’सारखी जोडरूपे बनविली. मराठीतही नेमकी हीच अडचण आदरार्थी अनेकवचनामुळे उत्पन्न होते आणि ‘तुम्ही सगळे’, ‘तुम्ही लोक’ असे म्हणून ती सोडविली जाते. व्याधी एक, उपायही एकच.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. फ्रेंचमध्ये ‘तू’ व ‘वू’, जर्मनमध्ये ‘डू’ व ‘झी’, चिनी भाषेत ‘नी’ व आदरार्थी ‘नीन’ असे भेद आहेत. त्या भाषांच्या विद्यार्थ्यांनाही ‘यू’पाशी हाच विचार करावा लागतो. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या सर्वनामांची मीमांसा सत्ता आणि सख्य या दोन तत्त्वांवर केली. एकाने ‘तू’ म्हणावे व दुसऱ्याने ‘तुम्ही’ म्हणावे, ही सत्तेची खूण. दोघांनीही एकच रूप वापरावे, ही सख्याची अथवा समान अंतराची खूण. त्यांच्या मते युरोपात अलीकडील काळात पहिले तत्त्व मागे पडून दुसरे पुढे आले.

(६) सर्वनाम आणि समाज

ही मीमांसा मराठी खेड्याला लावून पाहिली की विषयाचे गांभीर्य ध्यानात येते. जुन्या गावगाड्यात पटेल, पटवारी, देशमुख यांना ‘तुम्ही’ होते. वयाने कितीही वडील असला तरी अस्पृश्य मानलेल्या माणसाला ‘तू’च होते, आणि सवर्णांच्या घरातील लहान मूलही त्याला एकेरीत हाक मारी. त्याने मात्र ‘जोहार, मायबाप’ म्हणावयाचे. वयाचा मान जातीपुढे हरतो, हे या सर्वनामाइतके रोखठोक दुसरे काहीही सांगत नाही. स्त्रियांच्या बाबतीत नवऱ्याने ‘तू’ म्हणावे आणि बायकोने नावही न घेता ‘अहो’ म्हणावे, ही असमानता तर सर्व जातींत होती.

या पार्श्वभूमीवर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, त्याचा एक अर्थ भाषिकही आहे. गावात ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एकेरी ऐकावी लागली, तो विद्यार्थी तेथे अशी भाषा शिकू लागला की जीत त्याच्यासाठी आणि कलेक्टरसाठी सर्वनाम एकच होते. ‘जोहार’ची जागा ‘जयभीम’ने घेतली तेव्हाही हेच घडले: एका बाजूने वाकण्याचे अभिवादन गेले आणि दोन्ही बाजूंनी सारखेच उच्चारावयाचे अभिवादन आले. ब्राऊन-गिलमन यांच्या परिभाषेत, सत्तेच्या जागी सख्य आले.

तथापि ‘यू’ने समता आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ज्या इंग्रज अंमलदाराच्या भाषेत एकच ‘यू’ होता, तोच एतद्देशीयांशी बोलताना मराठीतील अथवा हिंदुस्थानीतील ‘तू’ सहज उचलीत असे. भाषेत भेद नसला म्हणून मनात नसतो, असे नाही. आणि भाषेत असला म्हणून तो पाळावाच लागतो, असेही नाही. १९५० च्या राज्यघटनेने नागरिक समान ठरविले. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाचा पत्रव्यवहार मराठीत रुळू लागला तेव्हा ‘महोदय’, ‘आपण’, ‘आपला विश्वासू’ ही रूपे जात वा हुद्दा न पाहता प्रत्येक अर्जदारास लागू झाली. इंग्रजी पत्राच्या साच्यातून ती आली, हे खरे. पण तिच्या मागची निवड मराठीची आहे. ‘यू’ला ‘तू’ हा प्रतिशब्द उपलब्ध असताना शासनाच्या लेखणीने ‘आपण’ घेतला. पत्रात ‘आपण’ म्हणणारी कचेरी खिडकीपाशी तोच अर्जदार उभा राहिला की ‘काय रे’ म्हणते का, ही त्या निवडीची खरी परीक्षा होय.

राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. वाटूरच्या मुलाला ‘यू’ आता सहाव्या वर्षी भेटतो, आणि उर्दूच्या वळणाविना भेटतो. त्याला तक्त्यातील ‘तू, तुम्ही’ एवढेच न सांगता या शब्दाचा जन्म सांगावयास हरकत नाही. इंग्रजी भाषेने वरच्याला खाली ओढून सर्वांना ‘तू’ केले नाही. तिने खालच्याला वर घेऊन सर्वांना ‘तुम्ही’ केले. ज्या गावात अजून वयोवृद्ध मजुराला एकेरीत हाक मारली जाते, तेथे हा अर्थ मुलाने शिकला तर तो इंग्रजीच्या तासापुरता राहणार नाही. आपल्या भाषेतील ‘तुम्ही’ कोणाला द्यावयाचा राहून गेला आहे, हेही त्याला दिसू लागेल.